नास्तिकांचा सप्ताह

ओतुरात येत्या श्रावणात नास्तिकांचा पारायण सप्ताह भरवावा, अशी आमची नम्र सूचना आहे. सोमवार तेवढा टाळावा. सोमवारी अर्धा तालुका कपर्दिकेश्वराच्या कोरड्या तांदळाच्या पिंडी बघायला मांडवीच्या काठी लोटतो. त्या गर्दीत आमचे नास्तिकही असतात. भेळ त्यांनाही लागते.

आक्षेप आस्तिकांकडून येईल असं वाटलं होतं. आला नास्तिकांकडून. म्हणे, "जे आपण नाकारलंय ते परत वाचायचं कशाला?" या 'परत'वर आम्ही थबकलो. पहिल्यांदा कधी वाचलं होतं, असं विचारायचं धाडस झालं नाही. प्रत्येकाच्या मोबाइलात मनुस्मृतीचे तेच तीन श्लोक असतात, त्याच तीन चुकांसह. कपाटात चार्वाकावरचं एक पुस्तक असतं. ते सेवापूर्तीच्या समारंभात शाल-श्रीफळाबरोबर मिळालेलं असतं आणि त्याच्या वेष्टनाचा चिकटपट्टीही न उकललेला कागद चार्वाकाची समाधी जपत असतो.

आस्तिकांचं बरं आहे. त्यांची पोथी लाल कापडात असते आणि वर्षातून एकदा सुटते. सप्ताह ज्याने पाहिलाय त्याला ठाऊक आहे: मंडपात समोरासमोर बसलेल्या वाचकांच्या ओळी, पुढ्यात पोथीच्या लाकडी ठवण्या, माइकपाशी व्यासपीठचालक. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत उरकायच्या, म्हणजे रोजच्या तेराशेच्या आसपास. त्या वेगात एखाद्याला अर्थ विचारावासा वाटला तर तो विचारेपर्यंत बाकीचे चार पानं पुढे जातात, आणि एकदा मागे पडलेला माणूस संध्याकाळच्या हरिपाठापर्यंत काही गाठत नाही. शंका न येणं ही पारायणाला बसायची पहिली पात्रता. दुसरी पात्रता गुडघे. सातव्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं, पंगती उठतात, पोथी पुन्हा कापडात जाते. आत काय लिहिलं होतं ते पोथीलाच माहीत.

आता गंमत बघा. या महाराष्ट्रात पोथ्या मुळापासून वाचल्या कुणी? जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली. ते निर्मिक मानत, तेव्हा त्यांना नास्तिकांच्या यादीत बसवता येत नाही. पण ब्रह्मदेवाच्या चार अवयवांतून चार वर्ण जन्मले असतील तर बाळंतपणाची व्यवस्था काय होती, हा प्रश्न विचारायला पुराण शेवटच्या ओळीपर्यंत वाचावं लागतं. हात जोडून बसणाऱ्याला तो सुचत नाही. धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी गणिताचे आणि वरून मार्क्सवादी. पुणे जिल्ह्यातल्या टेकड्या तुडवून त्यांनी म्हसोबा-वेताळाची ठाणी नोंदली आणि 1962 च्या 'मिथ अँड रिॲलिटी'त गीतेलाही समोर बसवून तिची उलटतपासणी घेतली. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मानवेंद्रनाथ रॉय यांच्या गोटातले, आणि धर्मकोशाचे जाडजूड खंड सिद्ध करायला बसले तेही तेच. मराठीला साहित्य अकादमीचं पहिलं पारितोषिक 1955 साली मिळालं ते त्यांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास'ला. इरावतीबाई कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये कुंती-द्रौपदीला देव्हाऱ्यातून उतरवून ओसरीवर आणून बसवलं. नरहर कुरुंदकरांनी मनुस्मृतीवर व्याख्यानं दिली ती वाचून दिली, हे आज मुद्दाम सांगावं लागतं.

तुकोबांचंच घ्या. गाथेची नीट तपासलेली, छापील आवृत्ती काढायला 24 हजार रुपये मंजूर केले ते मुंबईच्या इंग्रज सरकारने. इंदुप्रकाश छापखान्यातून 1869 आणि 1873 साली तिचे दोन खंड बाहेर पडले. ज्या साहेबाने विठोबापुढे कधी टोपी काढली नसेल त्याने गाथेसाठी तिजोरी उघडली, आणि ज्यांच्या घरी ती रोज गायली जात होती ते वर्गणी काढायची की नाही याच्या बैठका घेत बसले असते, असा आमचा दाट संशय आहे.

म्हणून पहिला ग्रंथ गाथाच ठेवावी. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतुरातच आहे. गुरूने उपदेश दिला तो स्वप्नात, हे खुद्द तुकोबांनी सांगून ठेवलंय. स्वप्न म्हटल्यावर आपल्या विज्ञानवादी बंधूंनाही हरकत उरत नाही. मानसशास्त्राच्या नावाखाली एक अख्खी सकाळ निघेल.

दुसऱ्या दिवशी सहल. मंडपात बसून नास्तिकालाही डुलकी लागतेच. सकाळी नाणेघाट. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. सुरुवात धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव अशा नमनाने होते आणि मग यज्ञांची यादी सुरू होते. प्रत्येक यज्ञापुढे दक्षिणा लिहिलेली. एका जागी 1,700 गायी आणि 10 हत्ती. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे बिल दगडात कोरून ठेवलंय, म्हणजे पुढे वाद नको. नास्तिकाने एक तरी प्राचीन धार्मिक मजकूर ओळीओळीने वाचावाच, असं आम्हाला वाटतं ते याच लेखामुळे. शेतकरी असेल तर 1,700 गायींची वैरण कुठून आणली हे त्याच्या डोक्यात आधी येईल. साहित्याची समीक्षा इथूनच सुरू होते.

दुपारी लेण्याद्री. बौद्ध भिक्खूंनी खोदलेल्या विहारात अष्टविनायकांतला गणपती बसलेला आहे. भाविक पायऱ्या मोजत वर येतात, दर्शन घेतात, पुरातत्त्व खात्याचा फलक न वाचता उतरतात. नास्तिक फक्त फलक वाचतात. दोघांनी मिळून एक पूर्ण लेणं पाहिलं असं धरायला हरकत नाही.

परतताना आळ्याला थांबणं अनिवार्य. पैठणला ज्ञानोबांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तो रेडा परतीच्या वाटेवर इथेच गेला, त्याची समाधी आहे. आमच्या मते सप्ताहाचं अध्यक्षपद त्यालाच द्यावं. अख्ख्या परंपरेत हा एकच वेदपाठक असा की ज्याला कुणी विचारलं नाही, बाबा रे, तुझी श्रद्धा आहे का? आणि ज्याने दक्षिणाही मागितली नाही.

दक्षिणेवरून आठवलं. याच ओतुरात गेल्याच्या आधीच्या शतकात बाळाजी कुसाजी पाटलांनी सत्यशोधक पद्धतीने, भटजीविना, घरचं लग्न लावलं. गावच्या जोशांनी दावा ठोकला. म्हणणं असं की आम्ही वतनदार, आम्हाला बोलवा न बोलवा, आमचा हक्क आम्हाला मिळायला हवा. प्रकरण थेट मुंबईच्या हायकोर्टात गेलं. तिथे साहेब न्यायाधीश कायद्याची पुस्तकं उघडून बसले, काथ्याकूट झाला, आणि वाद सगळा दक्षिणेचा. वधूवर सुखी झाले का, याची नोंद कुठल्याच पक्षाने घेतलेली दिसत नाही. देव आहे की नाही, हा मुद्दा तर कुणी काढलाच नाही. ओतूरकर मुळात व्यवहारी. कांद्याच्या पट्टीवर तोलाई-हमाली कापून हाती काय पडलं हे बघणारा माणूस धर्मग्रंथातही आधी वजावट शोधणार.

व्यवस्थेचं बोलू. संध्याकाळचं सत्र दिवस मावळायच्या आत संपवावं लागेल. उसातून बिबट्या निघतो आणि तो विचारसरणी बघत नाही. जेवणाचं ठरलंय: शाकाहारी की मांसाहारी यावर तीन बैठका झाल्या, शेवटी मासवडी. ती दिसते एक आणि असते एक, त्यामुळे दोन्ही गट समाधानी. वीणा नको, पण वेळेचं भान राहावं म्हणून कुणीतरी सतत उभं असावं असं ठरलं. ते अखंड असावं की पाळीने, यावर चर्चा चालू आहे.

वाचनाचं म्हणाल तर पहिल्या अभंगावरच अडेल. एक म्हणेल प्रक्षिप्त, दुसरा म्हणेल प्रतीकात्मक, तिसरा संदर्भग्रंथ मागेल आणि चौथा स्वतःचाच लेख काढील. सात दिवसांत सात अभंग झाले तरी मिळवलं. पण एक सांगतो, त्या सातांवर जितकं भांडण होईल तितका वेळ त्या ओळींना अलीकडे कुणी दिलेला नाही. आणि सातव्या दिवशी एखादा मास्तर मनाशीच चाल लावून एक ओळ गुणगुणताना पकडला जाईल. त्याचा खुलासा मागवला जाईल.

फूट पडणार हे धरून चाला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या समित्याही आपल्याकडे एकाहून अधिक आहेत. गाथा आधी की महाभारत आधी यावरून पुढच्या वर्षी दोन मंडप पडतील, एक बाजारतळावर, एक स्टँडजवळ, आणि दोघांचे भोंगे एकमेकांकडे तोंड करून. वर्गणीची पावती दोन्हीकडे फाटेल. आमदार मात्र दोन्ही फ्लेक्सवर तेच असतील, तोच नमस्कार, तोच फोटो, पलीकडच्या खऱ्या सप्ताहाच्या फ्लेक्सवरचा.