पाचही किल्ल्या कमरेला

स्वस्त वस्तूच्या अटी बारीक अक्षरात असतात आणि आमच्या थोरल्या काकांचा चष्मा नेमका त्याच वेळी हरवलेला असतो. जांबोटीत त्यांचा काजूचा छोटा कारखाना. धाकटे काका चंदगडला त्याच धंद्यात. थोरल्यांनी मायक्रोसॉफ्टचा स्मॉल बिझनेस सर्व्हर २००३ आणला. फायली, ईमेल, फॅक्स सगळं एका खोक्यात. सुटंसुटं घ्यायचं तर खिशाला केवढं भोक पडलं असतं! ते खोकं काजू फोडायच्या खोलीशेजारी प्लॅस्टिकच्या कागदाखाली बसलं आणि त्याच्या पंख्यातून टरफलाच्या तेलाचा वास येऊ लागला.

सोबत तो वापरायचे परवाने पाच. पुढचे घ्यायचे तर किमान पाचाचा गठ्ठा. माणसं सात, म्हणजे परवाने झाले दहा. उरलेले तीन काकांनी पाहुण्यारावळ्यांसाठी राखून ठेवले. परवाना माणसाच्या नावे घ्या, नाहीतर यंत्राच्या. यंत्राच्या नावे असला की एकाच कॉम्प्युटरवर पाळीपाळीनं कितीही जण बसा. माणसाच्या नावे असला की तो कुठल्याही यंत्रावर बसो. काका म्हणाले, ‘‘आमचा कारकून अर्धा दिवसच येतोय. त्याला अर्धा दे की.’’ कमाल मर्यादा होती ७५. तेवढी माणसं आमच्याकडे लग्नाच्या पंगतीलाच बसतात.

खरी गोम डोमेनची, म्हणजे एकाच कारभाराखाली नांदणाऱ्या खात्यांच्या आणि कॉम्प्युटरांच्या घराची. हा सर्व्हर म्हणजे जुन्या घरातली सासू. नव्या खात्यांसाठी क्रमांक वाटणं, सगळ्यांची घड्याळं जुळवणं अशा डोमेनच्या कारभाराच्या पाच किल्ल्या. पाचही तिच्याच कमरेला हव्यात. साधा विंडोज सर्व्हर सून म्हणून नांदेल, पण घरात दुसरी सासू चालायची नाही. पोटडोमेन काढायचं नाही आणि शेजारच्या डोमेनशी विश्वासाचं नातंही जोडायचं नाही. कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही. एवढ्या स्वस्तात दिलेले सर्व्हर एकमेकांना जोडायची मुभा असती, तर मोठ्या कंपन्यांनी महागडा माल घेतलाच नसता.

हे मी दोन्ही काकांना समजावून सांगितलं. धाकट्यांनी मान डोलावली आणि तस्साच दुसरा सर्व्हर आणला. दादाच्या हाताखाली राहायचं नाही, पण हिशेब मात्र एकत्र दिसला पाहिजे! वर ‘‘घाल एकाच डोमेनात’’ असं फर्मान. घातला. स्थलांतरासाठी म्हणून सात दिवसांची सवलत होती, तेवढे दिवस दोन्ही सर्व्हर गुण्यागोविंदानं नांदले. मग किल्ल्या हाती नसलेला चंदगडचा सर्व्हर दर तासाला आपणहून बंद पडू लागला. आषाढ असल्यामुळे आधी सगळ्यांनी वायरमनला शिव्या घातल्या. सर्व्हरच्या नोंदवहीत मात्र कारण स्वच्छ लिहिलेलं: परवान्याच्या कराराचा भंग. पुढे कंपनीनं एका अपडेटनं ही मुदत २१ दिवसांची केली. म्हणजे भांडण तेवढंच लांबणीवर.

दोन्ही काकांच्या गावांची फारकत तर त्याहून जुनी. १९५६ पर्यंत चंदगड आमच्या जांबोटीसारखंच बेळगाव जिल्ह्यात होतं. राज्यपुनर्रचनेत आम्ही म्हैसूर राज्यात गेलो आणि ते कोल्हापूर जिल्ह्यात. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तिथं सात दिवसांची मुदत कुणी घातलेली नाही. थोरल्या काकांना मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाले, ‘‘त्यापेक्षा हे यंत्र बरं की. तासाला एकदा निकाल तरी देतंय.’’

शेवटी चंदगडला साधा विंडोज सर्व्हर बसवला, सुनेच्या नात्यानं. धाकटे काका पासवर्ड विसरले की जांबोटीला फोन करतात आणि थोरले तो मुद्दाम सातव्या-आठव्या रिंगला उचलतात.

जुलै २०१२मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्मॉल बिझनेस सर्व्हरची मालिका गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तिच्या जागी आलेल्या ‘इसेन्शियल्स’ला परवान्यांचे गठ्ठे लागत नाहीत, माणसं मात्र २५च. कारखान्यात आजही सातच जण आहेत, पण आपल्याला ७५वरून २५वर आणलं, हा अपमान थोरले काका काही विसरलेले नाहीत.