खंजिरी मनगटानं वाजते

मूर्तिजापूरहून अमरावतीला निघालेल्या काळीपिवळीत नवव्या माणसाच्या मांडीवर दहावा बसला, की ड्रायव्हर टेप लावायचा. आधी नुसती खरखर, मग खंजिरी, आणि मागून तुकडोजी महाराजांचा आवाज. फीत इतकी घासलेली, की बडनेऱ्यापर्यंत महाराजांचा सूर अर्धी पट्टी खाली यायचा. गाडीत हलायला जागा नसायची, पण गुडघे ठेका धरायचे. कोणता गुडघा कोणाचा, हे मात्र सांगता यायचं नाही.

हीच भजनं अकोल्याला घरी असताना मला नकोशी व्हायची. पहाटे ध्यान, संध्याकाळी प्रार्थना, दोन्ही वेळा भोंगा, आणि मधल्या वेळात आमचा अभ्यास. शिवाय महाराज भिंतीवरच्या तसबिरीत होते. तसबिरीला आपण हात जोडतो, उदबत्ती लावतो. तिचं गाणं ऐकायचं कोणाला सुचतं?

आता वाटतं, या माणसाला आपण गायक म्हणून मोजलंच नाही. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेले माणिक बंडोजी इंगळे. गाणं स्वतः लिहायचं, चाल स्वतः लावायची, म्हणायचं स्वतः आणि खंजिरीही स्वतःच वाजवायची. तिकडे अमेरिकेत साधारण याच काळात वुडी गथ्री गिटार घेऊन गावोगाव फिरत होता. धुळीनं शेतं गिळलेल्या शेतकऱ्यांची गाणी त्यानं १९४० साली ‘डस्ट बोल बॅलड्स’ या संग्रहात गायली. जाणकार तो संग्रह आजही डोक्यावर घेतात. गथ्री १९६७ साली गेला, महाराज १९६८ साली. त्याच्या वाट्याला संगीतसमीक्षक आले, यांच्या वाट्याला हारतुरे.

अमरावती जिल्हा तसा भाग्यवान. गाडगेबाबाही इथलेच. एकाच्या हातात खराटा, दुसऱ्याच्या हातात खंजिरी. दोघांचं काम झाडण्याचंच. महाराजांच्या भजनात गाव येतं ते विहीर, गोठा, दारू, कर्ज, भांडणं, सगळं घेऊन. हिंदीतही त्यांनी भरपूर लिहिलं, पण ती हिंदी अमरावतीच्या बाजारातून भाजी घेऊन आल्यासारखी वाटते. म्हणूनच ती इथल्या बुढ्या माणसालाही कळते. १९४२ साली सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं. भजनं ऐकून माणसं गप्प बसत नाहीत, हे इंग्रजांना आपल्याआधी कळलं म्हणायचं. १९५५ साली ते विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले. तिथेही खंजिरी वाजलीच.

शाळेत त्यांची झोपडीची कविता होती. राजाच्या महालातलं सुख माझ्या झोपडीतही आहे, असं सांगणारी. ती मी घडाघडा पाठ म्हटली होती. पुढे फ्लॅटचा पहिला हप्ता गेला त्या रात्री ती आठवली, आणि झोप लागली नाही.

गेल्या वर्षी मोझरीच्या जत्रेतून मी खंजिरी घेतली. डाव्या हातात धरायची, उजव्यानं वाजवायची. त्यात काय मोठं, असं वाटलं होतं. पंधरा मिनिटांत खांदा भरून आला, बोटं लाल झाली, आणि चकत्यांचा आवाज येईना, नुसता भांडी पडल्यासारखा खडखडाट. वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. हे भजनी मंडळातले जुने गडी. मला वाटलं, ओरडतील. थोडा वेळ दारातच उभे राहिले.

“काय करून राह्यले बाप्पा?”

“शिकून राह्यलो काका.”

“हातानं नाई वाजत ते. मनगटानं वाजते. आना इकडं.”

त्यांनी खंजिरी घेतली. आधी तळवा चामड्यावर हलकेच फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. “पावसाची हवा हाय, सैल पडलं,” म्हणून ती गॅसवर दुरूनच शेकली. मग मनगट एवढंसं हललं आणि चकत्या एकदम मोकळ्या झाल्या. पाठोपाठ काकांनी भजन धरलं. तुकडोजींच्या आवाजाची नक्कल नव्हती, गळाही बसलेला होता. पण ओळ कुठे तोडायची आणि खंजिरीला कुठे बोलू द्यायचं, ते सगळं तसंच. काळीपिवळीतली फीत मला इतक्या वर्षांनी नीट ऐकू आली.

माझी खंजिरी अजून भांड्यांच्याच सुरात आहे. काका आता सकाळी दार बंद करून घेतात.

तुम्हाला खरी ऐकायची असेल, तर आश्विन वद्य पंचमीला, महाराजांच्या पुण्यतिथीला, मोझरीला या, त्यांच्या गुरुकुंज आश्रमात. आदल्या दिवशीच या, जागा मिळत नाही. आणि संध्याकाळच्या आत मैदानात बसा. महाराज गेले ती वेळ ४ वाजून ५८ मिनिटांची. त्या मिनिटाला सगळा जमाव मौन पाळतो. त्या वेळेला तिथे एकही खंजिरी वाजत नाही.