आय वॉज हॅविंग

निवृत्त साहेब ओळखायला सफारी सूट बघावा लागत नाही, एक क्रियापद ऐकलं की पुरे. "आय वॉज हॅविंग अ फियाट." "आय वॉज नोइंग द कलेक्टर पर्सनली." "दॅट टाइम आय वॉज स्टेइंग इन गिरगाव." साहेबांच्या भूतकाळात एकही गोष्ट घडून संपलेली नसते. फियाट भंगारात गेली, कलेक्टर निवर्तले, गिरगावातली चाळ पाडून तिथे टॉवर आला. साहेबांचं हॅविंग, नोइंग आणि स्टेइंग मात्र अजून चालूच आहे. इंग्रजी माध्यमातली नातवंडं हसतात आणि आजोबांचं ग्रामर कच्चं आहे असं ठरवून मोकळी होतात. पण साहेबांचं इंग्रजी इतकं कच्चं नसतं. पत्राचा मसुदा ते चोख करतात, 'विथ रेफरन्स टू'पासून 'युवर्स फेथफुली'पर्यंत कुठे बोट ठेवायला जागा नसते. साधा भूतकाळ त्यांना येतो. तो त्यांना परवडत नाही, एवढंच.

याचं मूळ घरच्या व्याकरणातच आहे. 'मी पत्र लिहिलं' म्हणताना मराठी क्रियापद त्या 'मी'कडे ढुंकूनही बघत नाही. पत्र असेल तर लिहिलं, चिठ्ठी असेल तर लिहिली, अर्ज असेल तर लिहिला. लिहिणारा सचिव आहे की शिपाई, याची त्याला पर्वा नाही. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणून घोकलेलं असतं. तेच 'लिहीत होतो' म्हणा, की क्रियापद कर्त्याच्या दिमतीला हजर! शिपाई लिहीत होता, बाई लिहीत होत्या, साहेब लिहीत होते. केबिनमध्ये शिरल्याबरोबर माणसं उठून उभी राहतात याची ज्यांना उभा जन्म सवय, त्यांनी यातला कोणता काळ निवडावा? शिवाय मराठीत पावलोपावली 'होतं' भेटतं: मला माहीत होतं, माझ्याकडे गाडी होती, तसं वाटत होतं. इंग्रजीत शिरताना या 'होतं'चं 'वॉज' होतं आणि वॉज एकटं बरं दिसत नाही म्हणून पुढच्या क्रियापदाला इंग लागतं. बरं, इंग्रजीचा साधा भूतकाळ अमळ कद्रूच. गाडी एकदा चुकली तरी 'मिस्ड' आणि डोंबिवलीत उमेदीची सगळी वर्षं काढली तरी 'लिव्ह्ड'. मराठीत 'राहिलो' वेगळं, 'राहत होतो' वेगळं, 'राहायचो' आणखी वेगळं. रोजची फास्ट लोकल, पावसाळ्यातले रुळांवरचे खोळंबे, डब्यातली भजनी मंडळी, हे सगळं एका 'लिव्ह्ड'मध्ये कोंबायला साहेबांचं मन धजत नाही. इंग्रजीत यासाठी 'यूज्ड टू' आहे हे खरं, पण त्यात ती सवय सुटल्याची कबुली असते.

यावर कोणी म्हणेल, दक्षिणेतल्या भाषांत असा कर्मणी भूतकाळ नाही, तरी तिथलेही साहेब 'आय वॉज हॅविंग' म्हणतात. मग मराठीला कशाला धरता? आक्षेप रास्त आहे. मुंबईचे इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल यांनी 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' या कवितेत ज्या चालू काळाची गंमत केली, तो अख्ख्या देशाचाच आहे. म्हणजे नुसत्या घरच्या व्याकरणावर भागत नाही. पण देशभरच्या साहेबांत आणखी एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे फाइल. कचेरीत साधा भूतकाळ हा कबुलीजबाब असतो. 'आय सेंट द फाइल' म्हटलं की जावक क्रमांक आला, तारीख आली, पोच आली. उद्या ऑडिटवाला तेवढंच धरून बसतो. 'आय वॉज सेंडिंग द फाइल' म्हणणाऱ्याकडे काय मागणार? तो पाठवतच होता. सोसायटीच्या सभेत टाकीच्या गळतीचा विषय निघाला, की साहेब उभे राहतात: "कमिटी वॉज कॉलिंग कोटेशन्स, वी वेअर फॉलोइंग अप, बट प्लंबर डिड नॉट कम." वाक्य नीट बघा. कमिटीचं सगळं चालू होतं आणि साधा भूतकाळ एकट्या प्लंबरच्या वाट्याला आला. शाळेच्या पुस्तकानेही हेच शिकवलं होतं म्हणा: मी आंघोळ करत होतो तेव्हा फोन वाजला, आम्ही झोपलो होतो तेव्हा चोर आला. लांबलचक आणि निरुपद्रवी काम आपलं, अवचित घडणारं कृत्य दुसऱ्याचं. साहेबांनी हा धडा आयुष्यभर पाळला, इतकंच.

शुद्धतावादी मंडळी तरीही ऐकणार नाहीत. हॅव आणि नो ही स्थितिदर्शक क्रियापदं, त्यांना इंग लागत नाही, असा नियम ती पुढे करतील. नियम बरोबर आहे, फक्त तो कोणाला दाखवायचा हे पाहायला हवं. खुद्द इंग्रजांच्या भाषेत हा इंग गेली दोन शतकं हातपाय पसरतोय. 'द हाउस वॉज बीइंग बिल्ट' आज कोणालाही खटकत नाही, पण एकोणिसाव्या शतकात याच रचनेवर कितीतरी व्याकरणपंडित तुटून पडले होते. 'द हाउस वॉज बिल्डिंग' म्हणा, असं त्यांचं सांगणं होतं. जणू घर स्वतःच गवंडीकाम करत होतं. 2003 मध्ये मॅकडोनाल्ड्सने 'लव्ह'सारख्या स्थितिदर्शक क्रियापदाला इंग लावून जगभर जाहिरात केली आणि बर्गर बिनबोभाट खपले. आणि लंडनचा सभ्य गृहस्थ आजची, या क्षणाची विनंती करताना 'आय वॉज वंडरिंग' म्हणतो, तेव्हा तो काय करत असतो? चालू भूतकाळाच्या आडोशाला उभा राहून, नकार आलाच तर विचारलंच नव्हतं असं म्हणायची सोय करून ठेवत असतो. त्याला शिष्टाचार म्हणायचं आणि आमच्या साहेबांना अडाणी! दोघांचा धंदा एकच आहे, फक्त साहेब आडोसा जरा जास्त दिवस वापरतात.

आणि साधा भूतकाळ साहेबांना येतो याचा पुरावाच हवा असेल, तर गळती शेवटी खालच्या मजल्यावरच्या छतातून थेट टीव्हीवर उतरेपर्यंत थांबा. नवा सेक्रेटरी डोक्याला हात लावून बसला की साहेब चष्मा पुसत, काळाची एकही चूक न करता म्हणतात, "आय टोल्ड यू."