कोनशिलेचा प्रयोग

नगरपरिषदेच्या गावात नाट्यगृह असावे की नसावे, आणि असल्यास त्याचा पैसा कोणी द्यावा, हा वाद महाराष्ट्रात इतका जुना, सराईत आणि लोकप्रिय झाला आहे की प्रयोगकलांच्या यादीत त्याची स्वतंत्र नोंद करण्यास हरकत नसावी. इतर प्रयोगकलांहून त्याचे वेगळेपण एवढेच की त्याला नाट्यगृहाची गरज पडत नाही. या कलेच्या अभ्यासासाठी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड ही दोन गावे विशेष सोयीची आहेत. २०११च्या जनगणनेत दोन्हींची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत होती, आणि दोन्ही पुण्यापासून इतक्या अंतरावर आहेत की रात्रीच्या नाटकाला जाणे सहज जमते, परतणे मात्र जमत नाही. त्यामुळे गावात नाट्यगृह हवे ही मागणी येथे जितकी रास्त ठरते तितकीच ती वर्षानुवर्षे टिकाऊही राहते.

वादाची बांधणी तमाशाच्या धर्तीवर होते आणि तसे होणे स्वाभाविक आहे, कारण हा मुलूखच तमाशाचा आहे. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे कलावंतांचे गाव असून तेथील बशीर मोमीन कवठेकर यांनी फडांसाठी वगनाट्ये आणि गीते लिहिण्यात हयात घालवली. दौंड तालुक्यातील चौफुला हे संगीत बारीच्या, म्हणजे वगाशिवाय केवळ लावणी सादर करणाऱ्या पार्ट्यांच्या, कला केंद्रांमुळे ठाऊक आहे. आणि शेजारच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालक राहुट्या टाकून बसतात, तेथे गावोगावचे यात्रा-पंच येऊन सुपारी देतात, म्हणजे तारीख आणि रक्कम ठरवून विसार देतात.

तमाशाचा आरंभ गणाने होतो. निधीच्या वादातील गणात गणपतीच्या जागी आजी, माजी आणि भावी लोकप्रतिनिधींना वंदन केले जाते, आणि नावांचा क्रम चुकला तर प्रयोग तिथेच आटोपतो. त्यानंतर गवळण येते, जिच्यात मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण अडवतो. येथे वाट अडवण्याचे काम महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हा कायदा करतो, कारण त्याने नगरपरिषदेची कर्तव्ये आवश्यक आणि स्वेच्छाधीन अशा दोन वर्गांत विभागली आहेत. पाणी, दिवाबत्ती आणि साफसफाई पहिल्या वर्गात मोडतात, तर करमणुकीच्या सोयी दुसऱ्या वर्गात, म्हणजे केल्या तर बऱ्या आणि न केल्या तरी कोणी जाब विचारणार नाही अशा कामांत, जमा होतात. त्यामुळे नाट्यगृहाचा विषय निघताच कोणीतरी उठून आधी पाण्याचे बोला असे बजावतो. हे बजावणे पूर्णपणे न्याय्य असते. मात्र नाट्यगृहाचा विषय बारगळल्यावर पाण्याचे पुढे काय झाले हे विचारण्याची प्रथा नाही, ही बाब अभ्यासकांनी टिपून ठेवावी.

वादाचा खरा बहर बतावणीत, म्हणजे हजरजबाबी सवाल-जबाबात, येतो. मंजूर न झालेला निधी कोणी आणला हा तिचा कायमचा विषय असून त्याला श्रेयवाद असे नाव आहे. शिरूर हे शिरूर लोकसभा मतदारसंघात आणि दौंड हे बारामती मतदारसंघात येत असल्याने एकाच संहितेचे दोन स्वतंत्र संच तयार असतात. त्यातही शिरूर मतदारसंघाने २०१९ आणि २०२४ अशा दोन्ही निवडणुकांत डॉ. अमोल कोल्हे या अभिनेत्याला लोकसभेत पाठवले असल्याने कलेविषयी तेथे अधिकाराने बोलता येते. खासदार निधी वर्षाला ५ कोटी रुपये असतो. तो जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, शिरूर, भोसरी आणि हडपसर या सहा विधानसभा क्षेत्रांत सारखा वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला कोटभरही येत नाही, आणि तेवढ्यात नाट्यगृहाचे फाटक झोकात उभे राहू शकते. डिसेंबर २०२५मध्ये निवडणुका होईपर्यंत राज्यातील बहुतेक नगरपरिषदांचा कारभार कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात सभागृहात प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकच माणूस उरल्याने बतावणीची जी उपासमार झाली, तिच्यासाठी कोणतेही अनुदान मिळाले नाही.

उरतो वग, म्हणजे प्रत्यक्ष कथानक. त्याची नायिका प्रशासकीय मान्यता ही असून तिचा अर्थ काम करणे योग्य आहे आणि त्यासाठी पैसा मिळू शकेल असे शासनाने लेखी कबूल करणे असा आहे. नायक तांत्रिक मान्यता हा असून त्याचे काम अंदाजपत्रक दरसूचीप्रमाणे, म्हणजे बांधकाम खात्याने ठरवलेल्या दरांप्रमाणे, आहे असे सांगणे एवढेच आहे. दोघांची भेट होईपर्यंत दरसूची बदलते आणि कथानक पुन्हा पहिल्या अंकावर येते. मधल्या काळात नाट्यगृहाचे रूपांतर बहुउद्देशीय सभागृहात झालेले असते. बहुउद्देशीय ही संज्ञा नीट समजून घ्यावी लागते, कारण तिच्यातून नाटक हा एक उद्देश वजा केला की बाकीचे सर्व शिल्लक राहतात: लग्ने, साखरपुडे, कर्जवाटप मेळावे, आरोग्य शिबिरे, गुणवंतांचे सत्कार. तळमजल्यावर व्यापारी गाळे आल्याने रंगमंच वर जातो, नेपथ्य चढवायचे कोठून हा प्रश्न जिन्याच्या वळणावर अडकतो, विंग, म्हणजे रंगमंचाच्या दोन्ही बाजूंची आडोशाची जागा, स्वयंपाकघराला दिली जाते, आणि रंगपटात, म्हणजे नटांच्या रंगभूषेच्या खोलीत, मागच्या जयंतीचे फ्लेक्स ठेवले जातात. गाळ्यांचे लिलाव मात्र वेळेवर होतात.

या सर्व गोंधळाचे मूळ कोणाच्या दुष्टपणात नाही, हिशोबाच्या पद्धतीत आहे. सरकारी पैसा भांडवली आणि महसुली अशा दोन प्रकारांत मोडतो. भांडवली खर्चातून भिंत उभी राहते आणि महसुली खर्चातून त्या भिंतीवरचा दिवा रोज लागतो. खासदार निधीच्या नियमांनाही टिकाऊ सामुदायिक मालमत्ताच हवी असते, चालू खर्च त्यात बसत नाही. भिंतीचे उद्घाटन करता येते, दिव्याच्या बिलाचे करता येत नाही. पडदा ओढणारा, ध्वनियंत्रणा सांभाळणारा आणि स्वच्छतागृह धुणारा यांच्या पगाराची कोनशिला आजवर कोणी बसवलेली नाही, आणि म्हणून गाव कोणतेही असो, नवे नाट्यगृह पहिल्या दिवशी जितके चांगले असते तितके पुन्हा कधीच नसते.

मोठ्या शहरांना या नियमातून सूट मिळाली असेल असा शिरूर-दौंडकरांचा समज असल्यास तो दुरुस्त करावा लागेल. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचे भूमिपूजन ८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाले आणि उद्घाटन २६ जून १९६८ रोजी. मधल्या काळात, जुलै १९६७मध्ये, बालगंधर्वांचे निधन झाले. पुढे अर्धशतक उलटताच, २०१८पासून, ही वास्तू पाडून नवी बांधावी की आहे तीच नीट राखावी हा वाद सुरू झाला, ज्यात नीट राखण्याची बाजू नेहमीच नीरस ठरते, कारण तिला संकल्पचित्र नसते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१५पासून वापरात असलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीत भस्मसात झाले. त्यानंतर काही दिवसांतच कोट्यवधींचा निधी जाहीर झाला. ज्या तत्परतेने पैसा राखेला मिळतो त्या तत्परतेने तो वायरिंगला मिळत नाही, ही गोष्ट निधी मागणाऱ्या लहान गावांना दिशादर्शक वाटली तर त्यांना फारसा दोष देता येणार नाही.

याउलट यात्रेचा तमाशा मात्र कोणत्याही मान्यतेविना ठरतो. घरटी पट्टी काढली जाते, म्हणजे प्रत्येक घराकडून ठरलेली वर्गणी घेतली जाते, फडाला विसार जातो, आणि यात्रा संपल्यावर पै-पैचा हिशोब देवळात वाचला जातो. ज्याने पट्टी दिली नाही त्याचे नाव कोणत्याही लेखापरीक्षणापेक्षा अधिक परिणामकारक रीतीने जाहीर होते. राजाश्रयावर विसंबण्याचा धोका मराठी रंगभूमीने जन्मतःच अनुभवला आहे. १८४३मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांचा पहिला खेळ झाला तो तेथील संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, आणि १८५१मध्ये ते निवर्तल्यावर भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरत तिकिटांवर खेळ करावे लागले. आजचे शासन अधिक कनवाळू आहे: तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचे २००२मध्ये हलाखीत निधन झाल्यावर त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला, आणि बशीर मोमीन कवठेकरांना तो २०१८मध्ये, म्हणजे सत्तरी ओलांडल्यावर, मिळाला. गौरव भांडवली खर्चासारखा एकदाच करावा लागतो, औषधपाणी मात्र दरमहा द्यावे लागते.

ही परिस्थिती पाहता दोन्ही नगरपरिषदांनी एका सुटसुटीत योजनेचा विचार करावा. नाट्यगृह बांधण्याच्या भानगडीत न पडता केवळ एक कायमस्वरूपी कोनशिला-मंच बांधावा, ज्यावर नावांच्या पाट्या सरकवून बदलता येतील, नारळ फोडण्यासाठी दगड असेल, आणि कुदळ मारण्यासाठी दर निवडणुकीला नव्याने भुसभुशीत करता येईल असा मातीचा चौकोन असेल. खर्च पूर्णतः भांडवली असल्याने निधी मिळण्यास अडचण नाही, देखभाल जवळजवळ शून्य आहे, आणि वादाची चारही अंगे जशीच्या तशी राहतात. योजनेला खरी हरकत मंडपवाल्यांचीच येईल, कारण मंच कायमचा झाल्यास दर भूमिपूजनाचे मंडपभाडे बुडेल. तेव्हा मंचाला छत असावे की नसावे हा मुद्दा पुढील सर्वसाधारण सभेपर्यंत तहकूब ठेवणे श्रेयस्कर.