वाचकाचा वाचकराव झाला हो!

ऐकलंत का? परवा सोसायटीत हळदीकुंकू होतं. हातात तिळगूळ पडायच्या आधीच चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "मला बाई ययाती पटलाच नाही." झालं! दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी उसळल्या, "तो पटायचा नसतोच! देवयानीचं काय चुकलं ते सांग आधी." मग कोणी कुणाला वाण दिलं, कुणाच्या वाटीतलं कुंकू कुणाच्या साडीवर सांडलं, कशाचाच पत्ता नाही. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ ची, तिला ज्ञानपीठ मिळालं १९७४ चं, आणि खटल्याचा निकाल लागला यंदाच्या संक्रांतीला आमच्या गच्चीवर. शर्मिष्ठा निर्दोष सुटली.

अहो, चाललंय काय? पूर्वी माणसं पुस्तक वाचायची आणि गुमान बसायची. मत द्यायला समीक्षक नावाची वेगळी जमात होती. ते लिहायचे, कुणाला कळायचं नाही, सगळे सुखात होते. आता दात काढायला गेलं तर डॉक्टर तोंडात कापूस कोंबून विचारतात, "जीए वाचलेत का?" आपण "आँ आँ" करतो आणि ते मान डोलावतात, "बरोबर, नियतीच." नेमाड्यांनी एके काळी लेखकाचा 'लेखकराव' होतो म्हणून चांगलं झोडपलं होतं. आता वाचकाचा वाचकराव झालाय, त्याला झोडपायचं कुणी?

आणि बाटणाऱ्यांचं तर विचारूच नका. ओळखीतला एक मुलगा बारावीपर्यंत कट्टर 'मृत्युंजय'वाला. कर्णाच्या दुःखाने ताटावर बसून रडलेला, धाकट्या भावाला अर्जुन ठरवून त्याच्याशी आठवडाभर अबोला धरलेला. पुढे हॉस्टेलवर 'कोसला' हाती लागली आणि पोरगं हातचं गेलं. घरी फोन केला की म्हणणार, "उदाहरणार्थ जेवलो वगैरे." आई हवालदिल, पोराला तापबीप आलाय की काय! वडील मात्र पेपरातून डोकंसुद्धा वर न काढता म्हणाले, "सांगवीकर चढलाय. उतरेल. मला तीन महिने लागले होते." १९६३ पासून ही साथ चालू आहे आणि लस अजून निघालेली नाही. आता त्या मुलासमोर 'मृत्युंजय'कार सावंतांचं नाव काढलं तर तो असं नाक मुरडतो, जणू कुणी शिळा भात वाढलाय. बरं, मग गणपतीत घरी आला तेव्हा माळ्यावरचा 'मृत्युंजय' त्याच्या उशीखाली कसा आला? कर्णाने आणून ठेवला?

पण खरी धमाल झाली ती तुंबाडची. 'तुंबाड' सिनेमा २०१८ ला आला, २०२४ ला पुन्हा लागला, आणि अख्खं गाव धावलं पुस्तकांच्या दुकानात. मागितलं काय? 'तुंबाडचे खोत'! आता सिनेमाने नाव घेतलं पेंडशांच्या कादंबरीवरून हे खरं, पण भीती घेतली नारायण धारपांच्या 'आजी' या कथेवरून. ती आजीसुद्धा म्हणे मूळची अमेरिकेतली, स्टीफन किंगच्या घरची. हे दुकानात कोण सांगणार? लोकांनी पेंडशांचे दोन जाडजूड खंड उचलून घरी नेले, दिवे मालवले, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि सिनेमातल्या हस्तरची वाट बघत बसले. इकडे जगबुडीच्या काठी खोतांच्या पिढ्यामागून पिढ्या जन्मतायत, भांडतायत, मरतायत, आणि हस्तर काही येईना! एक गृहस्थ तर दुसऱ्या खंडाच्या मध्यापर्यंत हिंमत धरून होते. शेवटी पुस्तक मिटून त्यांनी मत दिलं, "भयकथा म्हणून फसलेली आहे, पण माणसं काय उभी केलीत!" पाचपैकी साडेतीन तारे. आपण पोट धरून हसलो. मग आपल्यातल्याच दोघांनी हळूच कबूल केलं, हस्तर कितव्या प्रकरणात येतो ते त्यांनीही शोधलं होतं.

आता धारपांनाच बघा. एके काळी दप्तरात 'लुचाई' सापडली तर पाठीत धपाटा बसायचा. धपाटा घालणारे तेच काका आज चष्मा कपाळावर सरकवून "भयकथेतलं सामाजिक भान" या विषयावर पाऊण तास बोलतात. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या निम्म्या तरी महाराष्ट्राने भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचल्या असतील. झुंजार आणि काळापहाड यांच्यापायी किती जणांचा भूगोल बुडाला, याचा हिशेब कुणी ठेवलाय? तेव्हा ते वाचणं म्हणजे वाया जाणं होतं, आता तो 'लोकप्रिय साहित्याचा अभ्यास' आहे. आणि वपु? चारचौघांत वपुंचं नाव निघालं की सगळे एका सुरात म्हणणार, "त्या वयात ठीक होते हो." मग लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला पाठवलेला तो मजकूर कुणाचा होता? पाडगावकरांचा तर नव्हता ना? ताकाला जाऊन भांडं लपवायचं तरी किती!

कथा मोठी की कादंबरी, हा तर पानिपताहून जुना वाद. नेमाड्यांनी कथा या प्रकारालाच मोडीत काढलं, तेव्हापासून कथेला नाकं मुरडणाऱ्यांची एक फौजच उभी राहिली. त्यातले बरेचसे कादंबरी सुरू करणारे आहेत, संपवणारे नव्हेत. 'हिंदू' २०१० ला आली तेव्हा घराघरांत पोचली. खुणेची रिबीन कुठल्या पानात अडकलीय, ते मात्र कुणी कुणाला विचारायचं नाही, असा अलिखित करार आहे.

आणि जीए! 'काजळमाया'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाला, तर या माणसाने तो सरळ परत केला. अशा माणसाची कथा आपल्याला कळली नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? मागच्या महिन्यात चहाच्या टेबलावर एका नवख्या मुलीने म्हटलं, "मला नाही कळलं बाई." टेबलावर शांतता. एकाने घसा खाकरला. दुसऱ्याने प्रतिमासृष्टी हा शब्द वापरला. तिसऱ्याने बिस्कीट चहात इतका वेळ बुडवलं की ते तळाला गेलं. नंतर मात्र बाहेर चपला घालताना चार जण एकेक करून त्या मुलीपाशी गेले आणि कुजबुजले, "मलापण."

दिवाळीत तर ताळतंत्रच सुटतो. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा त्या बिचाऱ्यांना काय कल्पना, की पुढे चकलीची कडबोळी व्हायच्या आत अंकातल्या कथांचा निकाल लागेल! लायब्ररीतला अंक आपल्या हाती येईस्तोवर समासात पेन्सिलीने शेरे: 'शेवट ओढूनताणून', 'हे आधी कुठेतरी वाचलंय', आणि एका प्रेमकथेशेजारी नुसतंच 'हं'. सार्वजनिक पुस्तकात असं लिहायचं? लाज नाही? त्या 'हं'खाली दुसऱ्या अक्षरात 'सहमत' असंही होतं. अक्षर ओळखीचं वाटलं म्हणून आपण पान पटकन उलटलं.

ते जाऊ द्या. 'तुंबाडचे खोत'चा पहिला खंड कुणाकडे आहे का? आमच्याकडचा कुणीतरी नेला तो नेलाच, घरात नुसता दुसरा आहे. जरा लवकर द्या. त्या हस्तरवाल्या गृहस्थांना आम्ही कादंबरी नीट समजावून सांगितलीय, आणि रविवारी ते त्यावर आणखी बोलायला येतायत.