सदतीस घोडे आणि पसरणीचा घाट

गाडीतला गारवा फुकट मिळत नाही. त्याचे बिल इंजिन भरते. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावरच्या पट्ट्याने फिरतो. बटण दाबले की विद्युतचुंबकी क्लच 'टक्' असा आवाज करून कॉम्प्रेसरला कामाला जुंपतो आणि भर उन्हाळ्यात इंजिनाची तीन-चार अश्वशक्ती तिकडे वळते. 150 अश्वशक्तीच्या गाडीला याचा पत्ताही लागत नाही. 37 अश्वशक्तीच्या गाडीला लागतो. घरभाडे सारखेच असले, तरी पगार कोणाचा यावर ते जड की हलके हे ठरते.

प्रस्तुत लेखकाची गाडी 37 च्या वर्गातली आहे. लेखकही.

मे महिन्यात पुण्याहून महाबळेश्वरला निघालेली ही गाडी पाच माणसे आणि चिवड्याचा डबा धरून साधारण एक टन भरली. त्यातला स्वतःचा वाटा लेखकाने कमी सांगितला आहे. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना इंजिनाची बरीच ताकद शिल्लक असते, त्यामुळे एसीचा भार जाणवत नाही. वाईपर्यंत लेखक स्वतःला कुशल चालक समजत होता तो याच कारणाने. वाईत ढोल्या गणपती पाहिला. मोठा आहे.

वाईपुढच्या पसरणीच्या घाटात शिल्लक संपते. एक टन वजन दर सेकंदाला एक फूट वर उचलायला चार अश्वशक्ती लागते, म्हणजे एसी खातो जवळपास तेवढीच. शिवाय उंचीवर हवा विरळ होते आणि टर्बो नसलेले इंजिन दर 100 मीटरला सुमारे एक टक्का ताकद गमावते. पाचगणी 1,300 मीटरच्या आसपास आहे. तिथवर, समुद्रसपाटीच्या मानाने, आणखी चार-पाच घोडे गळतात. तिसऱ्या वळणावर गाडी पहिल्या गिअरवर आली. मागून आईचा आवाज आला, "बंद कर तो एसी." एसी लेखकाने स्वतःच्या पैशाने बसवलेला असल्यामुळे तो चालूच राहिला.

पुढचे संकट उष्णतेचे असते. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसतो आणि गाडीतून उपसलेली उष्णता बाहेर टाकतो. रेडिएटरला मग तीच तापलेली हवा मिळते. चढावर वेग कमी म्हणून वारा कमी, भार जास्त म्हणून ताप जास्त. काटा लाल रेषेकडे सरकतो. यावर शास्त्रीय उपाय असा: एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण चालू. हीटरमधून इंजिनाचेच गरम पाणी फिरते, त्यामुळे थोडी उष्णता माणसांच्या अंगावर सोडून इंजिनाला आराम देता येतो. मे महिन्यात हे मेहुण्याला समजावणे अवघड असते. समजावून होईपर्यंत बॉनेटमधून वाफ आली.

गाडी कडेला घेतली. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये; उकळते पाणी तोंडावर उडते. थांबणे एवढेच हातात असते. खाली धोम धरणाचे पाणी चमकत होते, ते कोणी पाहिले नाही. आईने पिशवीतला विणलेला पंखा काढला आणि तापल्या लेकराला घालावा तसा बॉनेटला वारा घालू लागली. या उपायाने रेडिएटर निवत नाही. लेखकाने तिला तसे सांगितले नाही.

अलीकडच्या अनेक गाड्यांत चालकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की संगणक काही सेकंद कॉम्प्रेसर सोडवतो, म्हणजे सगळे घोडे चाकांना मिळतात. जुन्या गाडीत ही सूचना मागच्या सीटवरून येते, ती पाळावी.

उतरणीचा हिशेब उलटा असतो. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि इंजिन कॉम्प्रेसरला. गारवा जवळजवळ फुकट पडतो. परतताना लेखकाने घाटाच्या माथ्यावरच एसी पूर्ण लावला.

"बंद कर," मागून आवाज आला, "थंडी वाजते."