वाघांच्या मुलखातला कासवसेवक

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे आणि तेलंगणाच्या उंबरठ्यावर वसलेल्या झरी जामणी तालुक्याला समुद्रकिनारा नाही, ही गोष्ट भूगोलाच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकावरून सिद्ध करता येते. तथापि समुद्री कासवांच्या सेवेची ओढ ही समुद्रापासूनच्या अंतराच्या सम प्रमाणात वाढते, हे कोकणातील कासव महोत्सवाच्या गर्दीकडे पाहून ज्याने ताडले असेल, त्याला या तालुक्यातून एखादा स्वयंसेवक निघाल्याचे नवल वाटणार नाही. फेब्रुवारी-मार्च हा काळ त्यासाठी सर्वथा अनुकूल असतो, कारण कापूस वेचून झालेला असतो, तूर बाजारात गेलेली असते, लग्नसराईला अवकाश असतो, आणि रिकाम्या माणसाला निसर्ग हाक मारतो तो नेमका याच दिवसांत.

अशा स्वयंसेवकाचे कासवविषयक पूर्वज्ञान दोन स्रोतांतून आलेले असते. पहिला स्रोत म्हणजे देवळाच्या सभामंडपातील दगडी कासव, ज्याला नमस्कार केल्याशिवाय गाभाऱ्याकडे जायचे नसते आणि ज्याला अंधारात ठेच लागल्याशिवाय बहुधा जाता येत नाही. दुसरा म्हणजे पावसाळ्यात नाल्याकाठी आढळणारे गोड्या पाण्यातील कासव. समुद्री कासव या दोहोंहून वेगळे असते. त्याला मान व पाय कवचात ओढून घेता येत नाहीत, पायांच्या जागी वल्ह्यासारखे पर असतात, आणि मादी अंडी घालण्यापुरती जमिनीवर येते ते वगळता त्याचे सारे आयुष्य पाण्यात जाते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रामुख्याने येते ते ऑलिव्ह रिडले जातीचे, म्हणजे ऑलिव्हच्या फळासारख्या हिरवट करड्या पाठीचे, सुमारे चाळीस किलो वजनाचे कासव. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण मिळालेल्या प्राण्यांच्या यादीत, ते वाघाच्या पंगतीला बसते. जवळच्या टिपेश्वर अभयारण्यातील वाघांमुळे संध्याकाळनंतर शेताकडे फिरकायची चोरी झालेल्या माणसाला ही माहिती मिळाली की त्याच्या मनात कासवाविषयीचा आदर एकदम वाढतो आणि त्यात थोडी भीतीही मिसळते.

प्रवासाचे वर्णन विस्ताराने करावे असे पुष्कळ आहे, परंतु वाचकाच्या कमरेचा विचार करून ते आवरते घेणे इष्ट. झरीहून पांढरकवडा, तेथून आदिलाबाद, तेथून नंदीग्राम एक्सप्रेस, आणि मग नांदेड, परभणी, जालना, मनमाड असा अर्धा महाराष्ट्र खिडकीतून सरकवत कल्याण. पुढे एसटीने मंडणगड आणि आणखी एका एसटीने वेळास. सपाट काळ्या रानाची सवय झालेल्या पोटाला मंडणगडच्या वळणांची कल्पना नसते, आणि पहिल्या चार वळणांतच पांढरकवड्याच्या स्टँडवर खाल्लेल्या वड्यांविषयी त्याला पश्चात्ताप होऊ लागतो. याच तालुक्यात आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आहे. विदर्भातून येणारा मनुष्य तिकडे गेल्याशिवाय राहत नाही, आणि कासवांनाही त्याची हरकत नसते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बाणकोटच्या किल्ल्याजवळ असलेले वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. दीर्घकाळ इतिहासात त्याची नोंद या एकाच कारणासाठी होत असे. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी या किनाऱ्यावर फिरत असताना त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली, आणि ही अंडी कोल्ह्या-कुत्र्यांप्रमाणेच माणसेही उकरून नेतात व विकतात, असे आढळून आले. विष्णूच्या दुसऱ्या अवतारापुढे हात जोडायचे आणि त्याच्या वंशजांची अंडी बाजारात न्यायची, ही विसंगती आपल्या समाजाला कधीच जड गेलेली नाही. संस्थेने अंडी खणणाऱ्यांनाच ती राखण्याच्या कामावर घेतले, हे या सगळ्या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाचे पाऊल म्हणावे लागेल, कारण घरटे कुठे आहे हे चोराइतके अचूक कोणाला ठाऊक असते? पुढे काही वर्षांनी कासव महोत्सव सुरू झाला; पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले, जेवू लागले, पैसे देऊ लागले, आणि जिवंत पिल्लू हे अंड्यापेक्षा किफायतशीर ठरले.

झरी जामणीचा स्वयंसेवक मात्र पैसे देऊन जेवायला आलेला नसतो. तो काम करायला आलेला असतो, आणि या कामाचा आपल्याला दांडगा अनुभव आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ही समजूत जागलीतून आलेली असते. जागल म्हणजे रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी शेतात रात्रभर दिलेला पहारा. तिची तीन प्रमुख अंगे आहेत: डबा वाजवणे, मोठ्याने हाळी देणे आणि दूरवर बॅटरीचा झोत टाकणे. वेळासच्या किनाऱ्यावर या तिन्ही गोष्टींना सक्त मनाई आहे. वाळूवर चढणारी मादी प्रकाशाने वा आवाजाने बिचकून अंडी न घालताच परत फिरते. तर पिल्ले उजळ क्षितिजाच्या रोखाने चालत असल्यामुळे बॅटरीचा झोत त्यांना समुद्राऐवजी झोत टाकणाऱ्याच्या चपलांकडे घेऊन येतो. तेव्हा तीन सेलची बॅटरी पिशवीत, आवाज घशात आणि हात खिशात ठेवून उभे राहणे, एवढेच काम या अनुभवी पहारेकऱ्याच्या वाट्याला येते, आणि ते त्याला आयुष्यातल्या कोणत्याही जागलीपेक्षा अवघड जाते.

खरे काम करणारा असतो तो कासवमित्र, म्हणजे या कामावर नेमलेला गावातलाच मनुष्य. पहाटे तो किनारा चालत जातो, मादीच्या परांनी उमटलेला माग पाहतो, मागाच्या शेवटी काठीने वाळू हलकेच चाचपतो, आणि जिथे काठी भसकन आत जाते तिथे हाताने उकरू लागतो. सुमारे दीड फूट खोल, वर अरुंद आणि खाली फुगीर अशा त्या खड्ड्यात शंभराच्या आसपास पांढरी, गोल, मऊ सालीची अंडी असतात. ती न गडगडवता बादलीत घ्यायची, कुंपण घातलेल्या जागेत तशाच आकाराच्या खड्ड्यात पुरायची, आणि तारीख व अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी तिथे रोवायची. यापुढचे सारे वाळूची ऊब करते. पिल्लू नर होणार की मादी, हेदेखील तीच ठरवते: वाळूचे तापमान साधारण तीस अंशांच्या पुढे सरकू लागले की माद्यांची संख्या वाढते, त्याखाली राहिले की नरांची. हे ऐकताच स्वयंसेवक मनातल्या मनात आपल्या तालुक्याच्या मे महिन्याचा हिशेब मांडतो आणि पंचेचाळीस अंशांवर नर-मादीचा नव्हे, तर मिठा-तिखटाचा प्रश्न उभा राहील, अशा निष्कर्षाला येतो.

तिखटाचा विषय निघालाच आहे, तर यजमानांच्या घरच्या जेवणाचा उल्लेख टाळणे अप्रामाणिक होईल. केळीच्या पानावर भात, गूळ घातलेली आमटी, नारळात न्हालेली भाजी, सोलकढी आणि उकडीचा मोदक असा थाट असतो, आणि मुंबई-पुण्याचे पाहुणे त्याची छायाचित्रे काढत असतात. विदर्भातील पाहुणा आमटीचा पहिला भुरका घेतो, हे पक्वान्न असावे अशा समजुतीने बाजूला ठेवतो, आणि आमटी कधी येणार याची वाट पाहू लागतो. अखेर पिशवीतून तिखटाची पुडी निघते. यजमानीण ती पाहते, काही बोलत नाही, परंतु दुसऱ्या दिवशी तिने केलेल्या आमटीला अख्ख्या घराला ठसका लागतो, यावरून कोकणी आदरातिथ्याची खोली मोजता येते.

पिल्ले बाहेर येण्यास साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालून ठेवतात आणि सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी ती उचलून पाहतात. ताणून बांधलेल्या दोरीमागे माणसे उभी असतात. दोरीपुढे फक्त कासवमित्र. अशा वेळी विदर्भ आणि कोकण यांच्यात पुढील संवाद घडतो:

“काहो भाऊ, कवा निघून राह्यले कासवं?”

“त्यांना वेळापत्रक दिलंय आम्ही. पण वाचता येत नाही हो त्यांना.”

टोपली उचलली जाते. खाली वाळू. दोरीमागचा समुदाय, ज्यात रात्रभर गाडी हाकत आलेली कुटुंबे, दोन शाळांच्या सहली आणि पायदार कॅमेरे असतात, एकसाथ सुस्कारा टाकतो. “दोनशे रुपयांच्या भाड्यात वाघ दाखवतो मी याहिले,” असे आमचा सेवक पुटपुटतो. तथापि टिपेश्वरलाही वाघ बहुतेकदा असाच दिसतो, म्हणजे दिसत नाही, हे तो सोयीस्करपणे विसरलेला असतो.

प्रवासाच्या बाबतीत कासवापुढे त्याने फुशारकी मारू नये, हे सांगण्यास वन खात्याच्या कांदळवन कक्षाने व भारतीय वन्यजीव संस्थेने भक्कम पुरावा पुरवला आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारे यंत्र बसवण्यात आले आणि तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवण्यात आले. पुढच्या वर्षी गुहागरला यंत्र बसवलेली ‘बागेश्री’ दक्षिणेकडे निघाली ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. ओडिशात, जिथे हजारो माद्या एकाच वेळी किनाऱ्यावर चढतात, तिथे २०२१ मध्ये क्रमांकाची पट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्वेकडून पश्चिमेकडे, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर; कल्याणला गाडी बदललेली नाही, आणि पोचल्यावर जेवणाविषयी तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीखाली एक पिल्लू निघते. एकच. दीडशे माणसांसमोर ते ओल्या वाळूवर ठेवले जाते, क्षणभर थांबते, आणि मग कासवगती या शब्दाला न शोभणाऱ्या लगबगीने चालू लागते. पहिली लाट त्याला उलटे करून परत आणून टाकते. दुसरीही तेच करते. उचलून पाण्यात का सोडत नाहीत, असा प्रश्न दोरीमागून विचारला जातो, आणि ही चाल त्याने स्वतःच चालली पाहिजे, कारण याच वाळूची खूण धरून मोठेपणी मादी परतते असे मानले जाते, असे उत्तर मिळते. तिसऱ्या लाटेबरोबर ते दिसेनासे होते, तोवर जागलीवाल्याच्या तोंडून मनाई असलेली हाळी निघून गेलेली असते.

या हाळीची शिक्षा म्हणा वा बक्षीस, त्याला अखेर काम मिळते. पिल्ले निघून गेलेली घरटी उकरून रिकामी टरफले किती, न उबलेली अंडी किती आणि आतच मेलेली पिल्ले किती, याची मोजदाद करावी लागते, कारण त्याशिवाय हंगामाचा हिशेब जुळत नाही. पन्नास दिवस उबदार वाळूत पडून नासलेले अंडे फुटल्यावर जो वास सुटतो, त्याची नोंद करण्यासाठी वहीत रकाना नसतो. स्वयंसेवक नाकाला गमछा बांधतो, गुडघ्यांवर बसतो आणि टरफले दहा-दहाच्या ढिगांत लावत जातो. आकडे मोठ्याने सांगायला मिळतात, एवढे समाधान त्यात असते. परतीच्या मंडणगड गाडीत, जिथे एरवी तीन जणांच्या बाकावर चौघे बसतात, तिथे त्याला खिडकीसह संपूर्ण बाक मोकळा मिळतो, आणि कोकणातली माणसे पाहुण्यांना फार मान देतात, असे तो झरीला पोचल्यावर आवर्जून सांगतो.